वहीतले पर्यावरण आणि विहिरीतले पाणी

स्मरणिकेसाठी लेख मागविताना संपादक मंडळाने आम्हां शिक्षकांपुढे विषय ठेवला तो 'ग्रामीण शाळा आणि पर्यावरण शिक्षण' असा. या विषयावर लिहिणे सोपे आहे, आणि म्हणूनच थोडे धोक्याचेही आहे. झाडे, वारा, पाणी यांची थोरवी सांगावी, मानवाच्या लोभाचा निषेध करावा आणि अखेरीस सारी जबाबदारी भावी पिढीच्या खांद्यावर टाकून मोकळे व्हावे, अशा लेखांची स्मरणिकांमध्ये कधीच वानवा नसते. ज्या पालकांनी कोरडवाहू शेतीच्या अथवा मजुरीच्या कमाईतून आपली मुले या निवासी विद्यालयात ठेवली, त्यांच्याशी आम्हांला त्याहून नेमक्या गोष्टीबद्दल बोलावयाचे आहे. पर्यावरणाच्या नावाने शाळाशाळांतून जे प्रकल्प करवून घेतले जातात, ते कशासाठी असतात आणि कोणाच्या उपयोगी पडतात, हा आमचा प्रश्न आहे.

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये निर्देश दिले आणि पर्यावरण हा शिक्षणाचा आवश्यक भाग ठरला. 2003 मध्ये न्यायालयाने त्याचा पुन्हा पाठपुरावा केला. हेतू उत्तम होता. परंतु आपल्याकडे कोणताही उत्तम हेतू गुणदानाच्या तक्त्यात शिरला की त्याचे काय होते, हे शिक्षकांइतके कोणाला ठाऊक असणार? प्रकल्पाला गुण आहेत, म्हणून प्रकल्पाची वही आहे. वही आहे, म्हणून तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प आहेत. 'जलप्रदूषण', 'ओझोनचा थर', 'जागतिक तापमानवाढ' अशा मथळ्यांची चित्रे कापून चिकटवावीत, भोवती स्केचपेनने वेलबुट्टी काढावी, प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष अशी शीर्षके घालावीत, की काम झाले. निष्कर्ष काढण्यासाठी आधी काही पाहावे लागते, मोजावे लागते, हे त्या वहीला माहीत नसते. ज्या मुलाच्या घरची विहीर जानेवारीतच तळाला जाते, तो मुलगा बर्फावरील पांढऱ्या अस्वलाचे चित्र चिकटवून दहापैकी नऊ गुण मिळवतो. त्या अस्वलाबद्दल आमच्या मनात आकस नाही. पण त्याच्या आधी विहिरीचा नंबर लागावा, एवढेच आमचे म्हणणे.

पर्यावरण दिनाचेही तसेच. 5 जून हा दिवस जगाने ठरवला, आपल्या मृगाला विचारून ठरवला नाही. पश्चिम विदर्भात त्या दिवशी ऊन रणरणत असते, शाळा बंद असतात, आणि जमीन इतकी भाजलेली असते की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. तरीही समारंभ होतात, पाहुणे येतात, रोपाला झारीने पाणी घालतानाचे छायाचित्र निघते. पुढल्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावले जाते, कारण पहिले जूनच्या मध्यातच वाळून गेलेले असते. खेड्यातला कोणताही शेतकरी सांगेल की झाड लावायचे ते दोन चांगले पाऊस पडून ओल खोल गेल्यावर. आमच्या विद्यालयात म्हणूनच वृक्षारोपण जुलैत होते आणि त्याला पाहुणे बोलावले जात नाहीत.

आमची मुले पर्यावरणाबाबत अजाण नसतात, हे प्रथम मान्य करावयास हवे. कोणत्या वावरात पाणी साचते, कोणत्या धुऱ्यावर साप निघतो, बरड जमिनीत तूर का तग धरते आणि सोयाबीन का करपते, हे आठवीतल्या मुलीला पुस्तक न वाचता सांगता येते. तिसरी ते पाचवीच्या 'परिसर अभ्यास' या पाठ्यपुस्तकांच्या नावातच हे शहाणपण आहे. परिसर म्हणजे आपल्या सभोवती जे आहे ते. पुढे वर्ग वाढतो तसा हा परिसर दूर सरकत जातो. नववी-दहावीला आता जलसुरक्षा हा विषय आला आहे आणि तो स्वागतार्ह आहे, परंतु तोही वर्गाच्या चार भिंतींत शिकवला तर अस्वलाच्याच वाटेने जाईल.

निवासी शाळेची एक खास अडचण आहे. मूल गाव सोडून आमच्याकडे येते. वर्षातले नऊ-दहा महिने ते ज्या आवारात राहते, तो त्याचा परिसर नव्हे. येथील परसबाग त्याने कितीही निगुतीने फुलवली, येथील गांडूळखताचा हौद कितीही चांगला चालवला, तरी घरच्या दोन एकरांशी त्याचा संबंध आपोआप जुळत नाही. पुष्कळ शिक्षक ही निवासी शाळांची कायमची मर्यादा मानतात. आमचे मत नेमके उलट आहे. मुलाला सुटी लागते ती दोनदा: दिवाळीत आणि उन्हाळ्यात. दिवाळीच्या सुमारास पावसाळा संपून विहिरी वर्षातल्या सर्वाधिक भरलेल्या असतात, आणि मे महिन्यात त्या सर्वांत खाली गेलेल्या असतात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, त्यांतही ऑक्टोबर आणि मे या नोंदी महत्त्वाच्या असतात. आमच्या मुलांना सुट्या नेमक्या त्याच वेळी मिळतात! एखाद्या तज्ज्ञाने ठरवून आखले असते तरी वेळापत्रक याहून अधिक सोयीचे झाले नसते. आणि गावच्या शाळेतील मुले एकच गाव मोजू शकतात. आमची मुले निरनिराळ्या तालुक्यांतील गावांतून येतात. सुटी संपवून ती परत आली की वर्गात एका फळ्यावर तितक्या गावांचे पाणी लिहिता येते. खारपाणपट्ट्यातून आलेला मुलगा आपल्या गावच्या विहिरीला पाणी आहे पण ते पिववत नाही असे सांगतो, तेव्हा डोंगराळ तालुक्यातील मुलांना पाण्याचा अर्थ नव्याने कळतो.

विहीर मोजावयाची म्हणजे काय करावयाचे, हे येथे सविस्तर सांगतो, कारण पालकांच्या मदतीवाचून ते होणार नाही. एक सुती दोर घ्यावा, त्याच्या टोकाला दगड बांधावा, दर अर्ध्या मीटरवर गाठ मारावी. विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करावी आणि दरवेळी त्याच खुणेपासून मोजावे. सकाळी मोटर सुरू होण्यापूर्वी मोजावे, कारण उपसा झाल्यावर घेतलेला आकडा विहिरीची खरी पातळी सांगत नाही. दोर पाण्याला कोठवर टेकला आणि तळाला कोठवर गेला, हे दोन्ही लिहावे. सोबत त्या वर्षी विहिरीवर कोणते पीक घेतले, मोटर किती अश्वशक्तीची, रोज किती तास वीज असते, शेजारी नवे बोअर झाले का, हेही लिहावे. कठडा नसलेल्या विहिरीजवळ मुलाने एकट्याने जाऊ नये; सोबत घरचे मोठे माणूस असलेच पाहिजे. ही सूचना आम्ही सुटीच्या पत्रकात ठळक छापतो आणि येथेही पुन्हा लिहितो.

आता या दोन आकड्यांतून मुलाला काय मिळते ते पाहा. राज्याच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली काळा अग्निजन्य खडक आहे. वर मातीचा थर, त्याखाली मुरूम आणि झिजलेला, भेगाळलेला खडक, आणि त्याखाली कातळ. पाणी साठते ते मुख्यतः मधल्या थरात, भेगांमध्ये आणि फटींमध्ये. त्यामुळे पावसाळ्यात विहीर चटकन भरते आणि उपसा सुरू झाला की चटकन उतरते. वर्गात हे सांगितले तर मुले ऐकून घेतात. पण दिवाळीत आपल्या हाताने मोजलेली विहीर मे महिन्यात किती गाठी खाली गेली, हे ज्या मुलीने पाहिले आहे, ती विचारते की मग हे पाणी गेले कोठे? शेजारच्या बोअरने ओढले, की आपल्याच गव्हाने प्यायले, की ते मुळात मुरलेच कमी? येथून खरा भूगोल सुरू होतो.

पावसाचेही तसेच आहे. वसतिगृहाच्या गच्चीवर सरळ उभ्या कडांचा, सपाट तळाचा एक डबा ठेवला की पर्जन्यमापक तयार झाला. रोज सकाळी आठच्या घंटेला पट्टी बुडवायची, मिलिमीटर मोजायचे, डबा रिकामा करायचा. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासाचे तीन महिने ही नोंद एकही दिवस न चुकता ठेवण्याचा प्रघात आम्ही पाडला आहे. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली कोवळे अंकुर आणि लहान जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आली, म्हणून तथागतांनी वर्षावासाचा नियम घातला, असे विनयपिटकात सांगितले आहे. एका जागी थांबून पाऊस पाहण्याला आपल्या परंपरेत असा जुना आधार आहे, हे मुलांना आवडते. पण त्यांना खरा धक्का बसतो तो गणिताने. एक एकर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे 4,000 लिटर पाणी पडले. एका दिवशी 25 मिलिमीटर पडला तर एकरी एक लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. ज्या गावात उन्हाळ्यात एका टँकरमागे भांडणे होतात, तेथील मुलाने हे गुणाकार स्वतः केले की घरी जाऊन तो बापाला विचारतो की आपल्या वावरातले दहा टँकर नाल्याने वाहून गेले ते कोणी अडवले नाहीत का. बापाकडे उत्तर असते किंवा नसते; प्रश्न मात्र घरात शिरलेला असतो.

दुसरे उदाहरण बियाण्याचे. सोयाबीनचे बियाणे घरचे असो वा विकतचे, त्याचे टरफल नाजूक असते, हाताळणीत इजा झाली की उगवण घटते. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी राज्यभरातून झाल्या, त्या अनेक पालकांच्या स्मरणात असतील. दुबार पेरणी म्हणजे घरावर दुहेरी कर्ज, हे आम्ही पालकांना सांगण्याची गरज नाही. कृषी विभाग दरवर्षी सांगतो तीच साधी चाचणी आम्ही सातवीच्या मुलांकडून करून घेतो. पोत्यातल्या बियाण्यातून न निवडता शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडायचे, वरून दुसरा ओला गोणपाट टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर वा अधिक निघाले तर शिफारशीप्रमाणे एकरी तीस किलो. त्याहून कमी निघाले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवायचे. फारच कमी निघाले तर ते बियाणे पेरायचेच नाही. एप्रिलात परीक्षा आटोपल्यावर घरून पिशवीत दाणे घेऊन यावे, असे आम्ही मुलांना सांगतो. या प्रकल्पाला वहीत पान लागते ते एकच, आणि त्यावर एकच आकडा असतो. पण त्या आकड्याची वाट घरी पाहिली जाते. मुलाने शाळेत केलेल्या कामाची पेरणीपूर्वी बाप वाट पाहतो, हे दृश्य आम्हांला कोणत्याही विज्ञान प्रदर्शनातील पारितोषिकापेक्षा मोलाचे वाटते.

बाटलीत माती ढवळून वाळू, पोयटा आणि चिकणमातीचे थर मोजणे, ए-आकाराच्या लाकडी चौकटीने उतारावर समतल रेषा आखणे, स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत करणे, ही कामेही विद्यालयात होतात. त्यांचे वर्णन अन्यत्र आले आहे, म्हणून येथे थांबत नाही.

एका प्रकल्पाबद्दल मात्र सावधपणे बोलावे लागते. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्या पऱ्हाट्या माणसाच्या डोक्याइतक्या वाढलेल्या होत्या आणि फवारा अंगावर येत होता. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरांतून असे पंप पाठीवर घेणारी माणसे आहेत, म्हणून कीटकनाशकाच्या वेष्टनावरील खुणा वाचणे आम्ही आठवीला शिकवतो. चौकोनातील खालच्या त्रिकोणाचा रंग पाहायचा: लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा रंग पाहून औषध निरुपद्रवी आहे असा समज होऊ शकतो. तो चूक आहे, हिरवा त्रिकोण केवळ तुलनेने कमी विष सांगतो. हे सर्व छापील चित्रांवरून शिकवले जाते. रिकामा डबासुद्धा शाळेत आणू दिला जात नाही, आणि मुलांनी तो घरीही हाताळू नये असे आम्ही बजावतो. वाचून दाखवावे, हात लावू नये.

पण येथेच आम्हांला पर्यावरण शिक्षणाची एक दुखरी बाजू दिसते. मुलगी घरी जाऊन सांगते की लाल त्रिकोणाचे औषध हातमोजे आणि तोंडाला कापड असल्याशिवाय मारू नये, वाऱ्याच्या विरुद्ध तर मुळीच मारू नये. बाप ऐकतो आणि म्हणतो, "बाई, वावर मालकाचं, औषध मालकाचं. मी आज नाही म्हटलं तर उद्या दुसरा येईल." यावर मुलीला आम्ही काय सांगावे? जनजागृती हा शब्द आपण सहज वापरतो, जणू अज्ञान दूर झाले की सर्व सुरळीत होईल. ज्यांच्या हाती जमीन नाही, औषध निवडण्याचा अधिकार नाही, मजुरी सोडण्याची ऐपत नाही, त्यांनाच सर्वांत आधी जागृत व्हा म्हणून सांगणे हे आम्हांला थोडे निर्लज्जपणाचे वाटते. निसर्गाचा नाश ज्यांनी सर्वांत कमी केला, त्यांच्याच मुलांना त्याची शपथ सर्वांत मोठ्याने घ्यायला लावतात. म्हणून वेष्टन वाचण्याच्या प्रकल्पात आता आम्ही आणखी एक भाग घातला आहे. फवारणी करणाऱ्याला संरक्षक साहित्य देण्याची जबाबदारी कोणाची, विषबाधा झाल्यास रुग्णालयात वेष्टन सोबत का न्यावे, तक्रार कृषी अधिकाऱ्याकडे कशी लिहावी, हे मुले अर्ज लिहिण्याच्या तासाला शिकतात. मराठीच्या शिक्षकांनी हा तास आपणहून दिला, याचा आवर्जून उल्लेख करावासा वाटतो.

येथवर वाचलेल्या काही पालकांच्या मनात एक जुनी शंका आली असेल, आणि ती पालकसभेत वेळोवेळी बोलून दाखवलीही गेली आहे. आम्ही पोराला शिकायला पाठवले, माती उपसायला आणि घमेले उचलायला नव्हे. या शंकेला हसून उत्तर देणे आम्ही अपमान समजतो. आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गावाची कामे वेठीने केली आहेत. शाळेत गेलेल्या आपल्याच मुलांच्या हाती झाडू देण्यात आला आणि इतरांच्या हाती पुस्तक, हे अनुभव अनेक आजी-आजोबांनी सोसले आहेत. बाबासाहेबांनी शिका म्हटले ते या घमेल्यातून सुटण्यासाठी. सोलापूरला 1925 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह काढले, त्यामागेही हीच तळमळ होती. तेव्हा शेतातल्या कामाला 'श्रमसंस्कार' असे गोड नाव दिले, म्हणून पालकांनी ते निमूट स्वीकारावे अशी अपेक्षा आम्ही करीत नाही.

आम्ही स्वतःसाठी एक कसोटी ठरवली आहे आणि ती पालकांनीही आमच्यावर लावावी. काम संपल्यावर मुलाच्या वहीत नवा आकडा किंवा मनात नवा प्रश्न आला पाहिजे. तो आला नाही आणि केवळ शाळेची मजुरी वाचली, तर ते काम वेठ होते, प्रकल्प नव्हता. खड्डा खणायला मजूर लावता येतो, आणि आम्ही लावतो. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजून त्यात किती पाणी मावेल, ते किती तासांत मुरले, हे पाहण्याचे काम मुलांचे. आवाराची सफाई आणि पाणी भरणे यांची पाळी मुलगे आणि मुली यांत सारखी असते. मुलींना घरी पाणी भरावेच लागते. येथे येऊन त्यांनी पुन्हा तेच करावे आणि मुलांनी दोर धरून आकडे सांगावेत, अशी विभागणी होऊ दिली तर सगळाच खटाटोप फुकट.

आणि या कामात आपले काही जुने ज्ञानही दडलेले आहे. गावाच्या शिवेचा तंटा उठला की महाराची साक्ष प्रमाण मानली जात असे. कोणता दगड हद्दीचा, ओढा पूर्वी कोठून वाहत असे, हे त्याला ठाऊक असे, कारण सारे शिवार तो पायी तुडवत असे. गाव त्याच्या शब्दावर सीमा ठरवी आणि त्यालाच सीमेबाहेर ठेवी. ते ज्ञान कोणी कागदावर उतरवले नाही, त्याचा मोबदला दिला नाही. आज त्याच घरातील मुलगी मोजपट्टी घेऊन गावनकाशावर विहिरी मांडते आणि खाली आपले नाव लिहिते. हे काम आजोबांच्या कामासारखे दिसते, परंतु नकाशा तिच्या सहीचा आहे.

पाणी हा आपल्यासाठी केवळ विज्ञानाचा विषय कधीच नव्हता. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते येथे कोणाला सांगावयास नको. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण दिले तेही पाण्याचेच आहे: रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात उद्भवलेला तंटा. दोन्हीकडचे लोक शेतकरीच होते. युद्धाचा ठराव आला तेव्हा सिद्धार्थाने विरोध केला आणि दोष कोणाचा, याची आधी नीट चौकशी व्हावी असा आग्रह धरला. पर्यावरणाच्या तासाला आम्ही हा प्रसंग वाचतो. तंट्याचे मूळ तपासण्याचा तो आग्रह आजच्या गावालाही लागू आहे, कारण पाण्याच्या भांडणात आवाज पुष्कळ असतात आणि मोजमाप कोणाकडेच नसते.

ते मोजमाप मुलांकडे असू शकते. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या सुमारास ग्रामसभा होतात, त्याच दिवशी शाळेत भाषणेही होतात. एखाद्या गावातील आपले दोन-तीन विद्यार्थी मिळून तीन वर्षांची विहिरींची नोंद ग्रामसभेपुढे वाचून दाखवू शकले तर नव्या बोअरची परवानगी, बंधाऱ्याची जागा, वस्तीच्या नळाची वेळ, यांवरील चर्चा वेगळ्या पातळीवर जाईल असे आम्हांला वाटते. वस्तीच्या विहिरीचा आकडा आणि गावातल्या विहिरीचा आकडा एकाच कागदावर शेजारी लिहिला गेला, की काही गोष्टी न बोलताही दिसतात. काहींना ते आवडणार नाही. तेव्हा मुलांच्या पाठीशी पालक उभे राहणार का, हा प्रश्न आम्ही आज विचारून ठेवतो, कारण नोंद घेणे मुलांना जमेल, सभेत उभे राहण्याचे बळ मात्र त्यांना घरून मिळावे लागते.

माजी विद्यार्थ्यांकडेही आमची काही मागणी आहे. आपल्यापैकी कोणी कृषी सहायक झाले, कोणी तलाठी, कोणी अभियंते, कोणी पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत. विद्यालयाला देणगी देताना बहुतेकांना नावाची पाटी लावलेले झाड किंवा बाक द्यावासा वाटतो. त्यामागील कृतज्ञता आम्ही जाणतो. तथापि झाडापेक्षा आम्हांला एक चांगला काचेचा पर्जन्यमापक, पाचपन्नास मीटरच्या काही मोजपट्ट्या आणि कापडी बांधणीच्या मोठ्या नोंदवह्या अधिक उपयोगी पडतील. त्याहूनही आपला एक दिवस उपयोगी पडेल. तलाठी झालेल्या माजी विद्यार्थ्याने येऊन गावनकाशा आणि सातबारा कसा वाचावा हे शिकवले, तर आमच्यापैकी कोणत्याही शिक्षकापेक्षा ते तो चांगले शिकवील. आणि ज्यांची शेती अजून गावी आहे, त्यांनी आपल्या विहिरीवर रंगाची खूण करून तेथे मुलांना दोर सोडू द्यावा.

एक व्यावहारिक गोष्ट सांगून थांबतो. अशा नोंदींना किंमत येते ती वर्षे साठली की. शिक्षक बदलतात, मुले दहावी होऊन जातात, वही हरवते, आणि सर्व पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते. हे टाळण्यासाठी विहिरींची मुख्य नोंदवही आता कार्यालयाच्या कपाटात न ठेवता भोजनगृहाच्या दाराशी टेबलावर ठेवली जाते. प्रत्येक गावाला दोन पाने आहेत, डाव्या पानावर दिवाळी, उजव्या पानावर मे. महिन्याच्या भेटीच्या रविवारी येणाऱ्या पालकांनी ती उघडून आपल्या गावचे पान पाहावे. मुलाने लिहिलेला आकडा चुकला असेल तर त्याच्या शेजारी, शाईने, आपला आकडा लिहावा. काही गावांची पाने अजून कोरी आहेत. त्यांची नावे यादी करून दाराला लावली आहेत.